रूळ नसलेला रस्ता

येवल्याला तू कधी आली नाहीस. तरी येवल्याची माणसं तुझी होती.

इथून नाशिकला जायचं तर आधी दौंड-मनमाडची गाडी. मनमाडला ती बदलायची. मग नाशिकरोड. आणि स्टेशनाबाहेर तू, नाशिकची ट्राम. दोन डबे, चार घोडे.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून महिनोन् महिने बसलेला, बोटांच्या पेरांवर रेशमाचे चरे पडलेला एखादा विणकर पहाटेच घरून निघून, मनमाडच्या फलाटावर ताटकळून, दुपार कलताना तुझ्यात येऊन टेकत असेल, मांडीवर पैठणीचं गाठोडं, गाठोड्यावर दोन्ही हात, बाजूला गोदेच्या स्नानाला निघालेली म्हातारी, बाहेर नुसतं रान, आणि त्या रानातून जरीच्या काठासारखे उन्हात लखलखत पुढं पुढं जाणारे तुझे दोन रूळ. मग गंजमाळ, घोड्यांचा विसावा, त्यांच्या ओल्या मानांवरून उतरत गेलेलं ऊन, पुन्हा टापा, पुन्हा चाकांची घरघर, आणि मेन रोडला तू थांबतेस तेव्हा दुकानांतून दिवे लागलेले.

पुढं घोडे गेले, इंजिन आलं म्हणतात. मला मात्र तू टापांचीच ऐकू येतेस.

१९३०चं दशक उजाडलं आणि तू थांबलीस.

मुंबईच्या ट्रामला निरोप तरी मिळाला. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला पाहायला माणसं रस्त्यावर उतरली होती. तुझ्यासाठी कोण उभं होतं, बाई? त्या दिवशी मेन रोडवर संध्याकाळ कशी झाली?

तुझ्यानंतर तुझ्या शहरात एसटीच्या बस धावल्या. निमाणी ते नाशिकरोड, नाशिकरोड ते निमाणी. दारात लोंबकळणारी पोरं, कंडक्टरच्या पंचची टकटक. माझं तारुण्य त्या बसमध्ये गेलं, आणि आता तीही नाही. ८ जुलै २०२१ला महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. गाड्या चांगल्या आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. पण एकीच्या जागी दुसरी येते, तेव्हा पहिलीची जागा नेमकी कुठं जाते?

येवल्याची एसटी विंचूर, निफाड करत शहरात शिरते. तुझं स्टेशन वाटेत लागतच नाही. मी वाकडी वाट करून तिथं जातो. उभा राहतो. डांबर. दुपारचं पांढरं ऊन. रुळांची एक रेघ नाही, एक खिळा नाही. इतकं नसणं की शोधायला सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही.

घरी परतल्यावर गल्लीत मागांची खटखट चालू असते. तिच्यात अधूनमधून एखादा माग थांबतो. त्या फटीत मला तू सापडतेस. मग पुन्हा धोटा पळतो.

परवा नाशिकरोडहून बसमध्ये चढलो. खिडकीची जागा मिळाली. काचेवर ऊन.

“कुठं, काका?”

“मेन रोड.”

“आत नाही जात गाडी. शालिमारला उतरा, पुढं चालत जा.”

मी शालिमारचं तिकीट घेतलं.