राजूरहून पुढे गौताळ्याकडे

मैत्रिणींनो, अंगारकीला राजूरला जाऊन आलेल्या तुमच्यात पुष्कळजणी असतील. जालन्याहून भोकरदनकडे जाताना टेकडीवरचं ते देऊळ लांबूनच दिसतं. मोरगाव, चिंचवड आणि राजूर ही गणपतीची तीन पूर्ण पीठं, नि पद्मालय हे अर्धं, असं आपल्याकडे मानतात. पण दर्शन झालं, प्रसाद पदरात पडला की आपण लगेच परतीच्या गाडीकडे धावतो. एक दिवस हाताशी असेल तर पुढं भोकरदन, सिल्लोड करत कन्नड गाठा. तिथून अजिंठ्याच्या डोंगररांगेत गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेलं. पितळखोऱ्याची लेणीही त्याच जंगलात आहेत. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, झाडं नुसती काटक्या होतात. श्रावणात जा. भाकरी, ठेचा आणि पाणी घरूनच न्यावं. पिशव्या तिकडे टाकून यायच्या नाहीत, हे तुम्हाला सांगायला नकोच.

अशा जंगलात पायवाटेच्या कडेला, झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली एखादी पेटी दिसते. तो कॅमेरा. त्याला माणूस लागत नाही. ऊबदार अंगाचं काही समोरून हललं की तो आपणहून फोटो काढतो, रात्रीसुद्धा. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात, कारण वाघाचे डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे कधीच नसतात.

आता गंमत अशी, की सगळे वाघ काही कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. मग न दिसलेले मोजायचे कसे? याचं उत्तर तुमच्या फडताळात आहे. डबाभर पांढऱ्या वाटाण्यांतले चाळीस काढा, हळद लावा, परत टाकून डबा चांगला हलवा. आता न बघता पन्नास उचला. त्यात दहा पिवळे निघाले, म्हणजे दर पाचांत एक पिवळा. पिवळे एकूण चाळीस, तेव्हा डब्यात वाटाणे सुमारे दोनशे! जंगलात हळदीचं काम पट्टे करतात. एकदा फोटोत आलेला वाघ पुन्हा कितीदा येतो, यावरून न आलेल्यांचा अंदाज बांधतात. कर्नाटकातल्या नागरहोळेत डॉ. उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात ही रीत आपल्याकडे रुजवली.

त्याआधी पावलांचे ठसे काचेवर गिरवून मोजणी व्हायची. राजस्थानात सरिस्क्याला कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. चुकीचा आकडा असा महागात पडतो. २०१८ च्या देशभरच्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले. जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले, त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले आणि एकूण अंदाज निघाला २,९६७ चा. एवढे फोटो निवडायचे म्हणजे तांदूळ निवडण्याचाच प्रकार. पहिली चाळण यंत्रानं केली, एवढंच.

गौताळ्यात बिबट्या आहे, तसा वाघ नव्हता. पण मार्च २०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ उमटला! पट्टे ताडून पाहिले, तर स्वारी यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशेवर किलोमीटर चालत आलेली. रस्ते, शेतं, गावं ओलांडून, बहुतेकांच्या नजरेला न पडता. कपाशी वेचणाऱ्या आपल्या किती बायांच्या जवळून तो गेला असेल, कोण जाणे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ही पेटी जनावर आणि माणूस यांत फरक करत नाही. जंगलात सरपणाला, गवताला जातात त्या बायाच ना? उत्तराखंडात कॉर्बेटच्या आसपास त्रिशांत सिमलाई या संशोधकानं चौदा महिने राहून अभ्यास केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं २०१७ मध्ये आडोशाला बसलेल्या एका बाईचा फोटो कॅमेऱ्यात आला आणि मोबाइलवर गावभर फिरला. चिडलेल्या लोकांनी कॅमेरे फोडले. जनावर दूर राहावं म्हणून बाया जंगलात मोठ्यानं गाणी म्हणत. कॅमेऱ्याच्या धास्तीनं त्यांचा आवाज खाली आला. म्हणजे वाघ मोजायच्या पेटीमुळे वाघाचाच धोका वाढला!

मोजणी हवीच, सरिस्क्यानं ते दाखवलं आहे. पण पेटी कुठं लावली हे गावातल्या बायांना आधी सांगायला काय हरकत आहे? पाणवठ्याची, सरपणाची वाट सोडून ती लावता येते. माणसाचा फोटो आला तर तो पुसून टाकायला क्षणही लागत नाही. तुमच्या माहेरी-सासरी जंगलाला लागून शेत असेल, तर वनरक्षक येईल तेव्हा त्याला एवढं जरूर विचारा: भाऊ, पेटी कुठं आहे, आणि आमचे फोटो कोण बघतं?