उजेडाची भूक

अकोल्यात उजेड विकत आणायचा, हेच मुळात कुणाला पटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात. अशा गावात प्रवाळाच्या टाकीसाठी दिवा शोधू लागलं की शेजारचे काका विचारतातच, "एवढी तपन असतानी लाईट काऊन लावतं बावा?"

खिडकीतलं ऊन फुकट असतं, पण ते सोबत झळ आणतं. पाणी तापतं, काचांवर शेवाळ चढतं. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर शिजवलेल्या अन्नातला मोठा वाटा त्याला देतं. पाणी फार तापलं की हा सहवास मोडतो, प्रवाळ पांढरा पडतो. आपल्याला हवाय तो ऊन वजा केलेला उजेड.

तोही निळा. समुद्रात तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर उतरतो. प्रवाळातलं शैवाल त्याच निळाईवर वाढलेलं. अमरावतीला मामेभावाकडे संध्याकाळी पांढरे दिवे विझले आणि नुसते निळे राहिले, तेव्हा मातकट वाटणारं मशरूम कोरल हिरवंगार पेटलं. तो हिरवा दिव्यात नव्हताच. निळा उजेड पिऊन प्रवाळाने स्वतः उमटवलेला होता. ते पाहिल्यापासून पांढऱ्या ट्यूबचा लखलखाट मला टाकीत नकोसा वाटतो.

दुकानदार वॅट सांगतो. आपण विचारावं ४२० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्याबद्दल आणि 'पार'बद्दल, म्हणजे शैवालाच्या कामी येणारा उजेड तळापर्यंत किती पोचतो याबद्दल. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो. त्याहून प्रखर दिवे उथळ पाण्यातल्या दगडी प्रवाळांसाठी, आणि ते आपल्या घरात नकोतच. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणचे, भर समुद्रातल्या आंग्रिया बँकेचे प्रवाळ तिथेच शोभतात.

मेटल हॅलाइड दिव्याचा उजेड लाटांसारखा हलतो, मोहक असतो. पण वऱ्हाडात तो म्हणजे टाकीवर दुसरा सूर्य. इथे एलईडीच. वर एक छोटा पंखा ठेवावा. कोरड्या हवेत तो कूलरसारखा पाणी निववतो, मुंबईच्या दमटपणात हे इतकं साधत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी मात्र आरओचं गोडं पाणीच घालावं, मीठ मागे उरलेलंच असतं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी खारं असलं तरी टाकीत चालत नाही; तो खारेपणा समुद्राचा नव्हे.

नवा दिवा अर्ध्याहून कमी जोरावर लावून आठवड्या-आठवड्याने वाढवत न्यावा, दिवसाला आठ-नऊ तास. आणि पैसे उरले तर इन्व्हर्टर घ्यावा, तोही पंपासाठी. वीज गेली तर प्रवाळ दिवसभराचा अंधार सोसतो. थांबलेल्या पाण्यात मासे काही तासांतच गुदमरू लागतात.