तानपुरा तुटू नये म्हणून

घरी बसून ख्याल ऐकणाऱ्याच्या दृष्टीने कोणत्याही साधनाची पहिली परीक्षा ही, की ते गाणे किती वेळ सलग चालू देते. आवाजाच्या दर्जाची चर्चा त्यानंतर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांच्या आसपास संपते, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. १९६०च्या सुमारास जन्मलेल्या मराठी श्रोत्याने घरातल्या मोठ्या माणसांकडे अशा तबकड्या पाहिल्या. त्याच्या स्वतःच्या वाट्याला वीसेक मिनिटांची बाजू असलेली एलपी आली, पाठोपाठ तीस किंवा पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागणारी कॅसेट आणि मग सव्वा तास चालणारी सीडी. बडा ख्याल ऐन रंगात आला असता उठून बाजू बदलणे हा त्याच्या ऐकण्याचाच एक भाग होऊन बसला.

याच श्रोत्याच्या उतारवयात घरात आलेला नेटवर्क प्लेअर म्हणजे असे यंत्र, की ज्यात तबकडी किंवा फीत घालावी लागत नाही. घरातल्या हार्डडिस्कवर वा इंटरनेटवर असलेल्या फाइली राऊटरमार्फत मागवून घेऊन ते त्यांचे आवाजात रूपांतर करते. रेकॉर्डप्लेअरसाठी ख्यातनाम असलेल्या ग्लासगोच्या लिन या कंपनीने २००७ मध्ये क्लायमॅक्स डीएस हा असा प्लेअर आणला आणि पुढे काही वर्षांतच सीडी प्लेअर बनवणे सोडून दिले. त्यामागचे तर्कशास्त्र समजण्याजोगे आहे. अंकांत साठवलेले संगीत, सीडीच्या बाबतीत सेकंदाला ४४,१०० नमुने, अगदी समान अंतराने उलगडावे लागते, आणि त्या अंतरातील सूक्ष्म चुकामूक, जिला जिटर म्हणतात, स्वर गढूळ करू शकते. नेटवर्कवरून माहिती तुकड्यातुकड्यांनी, कमीअधिक वेगाने येत असल्यामुळे चांगला प्लेअर ती आधी स्वतःच्या स्मृतीत भरून घेतो आणि मग आपल्या अचूक घड्याळाच्या ठोक्यावर डॅककडे, म्हणजे अंकांचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करणाऱ्या भागाकडे, सोडतो. फ्लॅक या २००१ पासूनच्या पद्धतीने मूळ ध्वनिमुद्रणातील काहीही न गमावता फाइल लहान होते, त्यामुळे एमपी३मधली काटछाटही टळते. सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची जाहिरात मात्र थोडी सबुरीने घ्यावी. जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यात जे मुळातच नाही, ते नमुने वाढवून येत नाही.

ख्यालाच्या श्रोत्याला खरे महत्त्व वाटावे ते जाहिरातीत कोपऱ्यात छापलेल्या गॅपलेस या सोयीचे, म्हणजे एक फाइल संपून दुसरी सुरू होताना मध्ये खंड न पडण्याचे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत अशा दोन फाइली केलेल्या असतात, पण तानपुरा दोहोंच्या सांध्यावरून तसाच वाहत असतो. तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता पडली, तर षड्‌जाची धार कापल्यासारखी तुटते आणि समेवर ठेवलेले लक्ष विखुरते. लाखो रुपयांच्या यंत्राचीही कसोटी शेवटी या सांध्यावर लागते, आणि बेताच्या किमतीचे काही प्लेअर ती सहज पार करतात, हे महागड्या यंत्रांच्या विक्रेत्यांनी ऐकून घ्यायला हरकत नाही.

अखंडपणा मिळाला तरी वर्गवारीचे दुखणे उरतेच. फाइलीसोबत नोंदवलेली माहिती, म्हणजे मेटाडेटा, पाश्चात्त्य पॉप संगीताच्या सोयीने आखलेली असल्याने तिच्यात कलाकार, अल्बम, संगीतकार असे रकाने असतात. राग, ताल, घराणे यांना जागा नसते. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या पडद्यावर तीन वेगळे गायक म्हणून रांगेत उभे राहतात, आणि निवृत्तीनंतरच्या कित्येक दुपारी या तिघांचा एक करण्यात जातात. रागावरून शोधता यावे म्हणून काही जाणकार रागाचे नाव संगीतकाराच्या रकान्यात भरतात. त्यामुळे यंत्राच्या लेखी यमन नावाच्या कुणा गृहस्थाने शेकडो रचना करून ठेवल्या आहेत.