दहा हजारांतले ऐकणे

अण्णांनी एकतीस वर्षे मालट्रक चालवला. जुन्या ट्रकचे इंजिन केबिनमध्येच, चालकाच्या डाव्या हाताशी असे. त्याच्या आवाजावरून गिअर कधी बदलायचा हे ते ओळखत. निवृत्तीनंतर त्या आवाजाने आपली किंमत वसूल केली. सततच्या गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणात साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे आधी जाते. स्वर ऐकू येतात. 'स', 'श', 'फ' ही क्षीण व्यंजने गळतात. कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. आम्ही घरातले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलू लागलो आणि ते कमी बोलू लागले. श्रवणयंत्र घेतले, ते खणात राहिले.

त्यांच्या २००६ सालच्या मारुती ८०० मध्ये ध्वनियंत्रणा बसवायचे मी ठरवले ते त्यांच्या कॅसेटींसाठी. आकाशवाणीवरून त्यांनी टेप करून ठेवलेली नभोनाट्ये मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती. खर्चाची मर्यादा होती दहा हजार रुपये.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने सल्ला दिला, "सर, वूफर टाका. डिक्की हलली पाहिजे." मला डिक्की हलवायची नव्हती. प्लेअरच्या खोक्यावर 'चार गुणिले पन्नास वॅट' असे छापलेले होते. प्रत्यक्षात बाराव्होल्टी गाडीत असा प्लेअर प्रत्येक स्पीकरला सलगपणे जेमतेम सतरा-अठरा वॅट देतो. हिशेब केला: प्लेअर २,२००, दारांतले स्पीकर २,८००, जुन्या बाजारातला अॅम्प्लिफायर २,३००, तांब्याच्या वायरी आणि फ्यूज १,१००. उरलेल्यातले १,४०० रुपये गेले दाराच्या पत्र्याला आतून चिकटवायच्या ब्यूटाइलच्या पट्ट्यांवर. त्यांतून आवाज निघत नाही. पत्र्याचे थरथरणे तेवढे कमी होते. सर्वांत उपयोगी पडला तो हाच खर्च.

स्पीकरसाठी प्लायवुडच्या कड्या मी घरी कापल्या. पहिल्या दिवशी अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी चढत जाई. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून वायर उघड्या लोखंडावर आवळली, सिग्नलची वायर विजेच्या वायरीपासून दूर नेली, तेव्हा ती थांबली. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. दीड व्होल्टचा सेल लावून पाहिला, तर त्याचा पडदा बाहेर येण्याऐवजी आत जात होता. दोन स्पीकर परस्परांचा आवाज खोडत होते.

शेवटी मी बास बराच उतरवला आणि ट्रेबल चढवला. खालच्या पट्टीतला गोंगाट वरचे क्षीण ध्वनी झाकून टाकतो, हे एव्हाना वाचून कळले होते. माणूस ओरडतो तेव्हा स्वरच फुगतात, व्यंजने फारशी वाढत नाहीत, हेही त्याच वाचनात कळले. म्हणजे इतकी वर्षे आम्ही त्यांना जे ऐकू येत होते तेच मोठ्याने ऐकवत होतो.

रविवारी सकाळी सिंहगड रस्त्याने निघालो. अण्णा डावीकडे बसले होते. नाटक सुरू झाले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ही बाई 'श' फार जोरात म्हणते." मी गाडी कडेला घेतली. तक्रार होती, पण त्यांनी 'श' ऐकला होता. मग त्यांनी, पूर्वीसारखे, नाटकातल्या माणसांविषयी बोलायला सुरुवात केली. बोलणे अर्धा तास चालले.

वर्गात मी अर्थाविषयी पुष्कळ बोलतो. अर्थ कानापर्यंत पोचण्यापूर्वी कुठे गळतो, हे मला दाराचा पत्रा उघडल्यावर दिसावे, याची लाज वाटते. आता घरी त्यांच्याशी बोलायचे असले की टीव्ही बंद करतो, पंखा कमी करतो, त्यांच्यासमोर उजेडात बसतो आणि सावकाश बोलतो. दहा हजारांतले दोनशे रुपये उरले होते. या कामासाठी तेही लागले नाहीत.