कोणती बाजू वर?

माध्यमिक शाळेत आमच्या प्रयोगवहीची मांडणी ठरलेली असे: उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. सगळा जीव आकृतीत. टोक काढलेली पेन्सिल, पट्टी, नावं एका रेषेत. ‘कृती’ मात्र वरच्या वर्गातल्या कुणाच्या तरी वहीतून उतरून यायची आणि तपासताना तिच्यावर तांबडी खूण होऊन पान उलटलं जायचं. आमच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा त्या रकान्यावर सबंध तास घालवला. ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग होता. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेट तापवायचं, वाहकनळीचं टोक पाण्यात, त्यावर पाण्यानं भरलेलं वायुपात्र पालथं. वह्यांमध्ये शेवटची ओळ होती, ‘नंतर दिवा विझवून उपकरणे काढून ठेवली.’ सरांनी विचारलं, आधी दिवा विझवला, की आधी नळी पाण्याबाहेर काढली? दिवा आधी विझवला तर आतला वायू निवून आकसतो, पाणी नळीतून उलटं चढतं आणि तापलेली काच तडकते. सरांनी नळी आधी काढलेली सगळ्या वर्गानं पाहिली होती. कागदावर ती आली नव्हती, कारण पाहणाऱ्याला ती सांगण्याजोगी वाटलीच नाही.

पुढे माझा संसार सुरू झाला तेव्हा हाताशी ‘रुचिरा’ होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 सालचं. घरातल्या मोठ्या बायकांना विचारलं तर ‘अंदाजानं घाल’ एवढंच उत्तर मिळे. अंदाज यायला आधी दहा वर्षं चुलीपुढं काढावी लागतात हे त्या विसरलेल्या असत. कमलाबाईंनी वाटी आणि चमच्यानं मोजून लिहिलं. माहेरापासून लांब, परक्या गावात एकटीनं स्वयंपाकाला उभ्या राहिलेल्या मुलीला त्या मोजमापानं केवढा धीर दिला असेल! सूचना लिहिणं हे मला तेव्हापासून मायेचं काम वाटत आलं आहे.

आणि कधीकधी ते जीव वाचवण्याचं कामही असतं. 1971 मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. या मिश्रणाच्या पुड्या बांधल्या, त्यांवर किती पाण्यात विरघळवायचं हे लिहिलं, आणि पाजण्याचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. आपण वर्गात शिकवतो ती घरगुती जलसंजीवनी याच तत्त्वावरची: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. यातला ‘सपाट’ मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. शीग लावून चमचा भरला तर मीठ वाढतं, आणि तान्ह्या बाळाला ते धोक्याचं ठरू शकतं.

मी शिकवते तो मंगळवेढ्याकडचा ज्वारीचा पट्टा. सहावीच्या मुलांना ‘भाकरी कशी करावी’ हे लिहायला सांगितलं की वह्या भराभर येतात. एका मुलीच्या वहीत वळणदार अक्षर, एकही चूक नाही: ‘पीठ मळावे. थापावे. तव्यावर टाकावे. पाणी लावावे. उलटावे. फुगवावे.’ दुसऱ्या एका मुलाच्या वहीत ऱ्हस्वदीर्घाचा गोंधळ, पण लिहिलेलं असं: ‘पिठाची बाजु वर राहिल अशी टाका. पाणी वाळायच्या आदी उलटा, नाहीतर चीरा पडतात.’ ज्यानं कधी भाकरी केली नाही त्याला या दोघांपैकी कुणाची वही हाती द्यावी? मी त्या मुलाला जास्त गुण दिले. शुद्धलेखनाचं काय, असं एका सहशिक्षकांनी विचारलं. शुद्धलेखन मी तपासतेच, पण दुसऱ्या लेखनात, वेगळ्या दिवशी. इथं भाकरी चिरली नाही पाहिजे.

तपासण्याची माझी खरी रीत म्हणजे वह्यांची अदलाबदल. कागदाची होडी कशी करायची ते एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचून जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं, आणि लिहिणाऱ्यानं बाजूला बसून तोंड उघडायचं नाही. ‘कागद मधोमध दुमडा’ वाचून समोरचा उभा दुमडतो, आणि लिहिणाऱ्याचे हात आपोआप पुढं येतात. कितीतरी मुलं हात मांडीखाली दाबून बसतात. आपल्याला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, हे त्या दहा मिनिटांत जितकं पोचतं तितकं माझ्या कुठल्याही शेऱ्यानं पोचलेलं नाही.

अवघड जातं ते वेगळंच. सहा वाक्यांत भाकरी उरकणारी ती मुलगी घरी रोज सांज-सकाळ भाकऱ्या थापते. तिच्या हाताला जे ठाऊक आहे ते अख्ख्या वर्गात कुणाला नाही. म्हणूनच तर तिला ते लिहावंसं वाटलं नाही. तिला कमी गुण देताना माझं पेन अडतं. आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक आणि स्वाध्याय ही साधनं वेगळी ठेवली आहेत, ते मला फार योग्य वाटतं. प्रात्यक्षिकात तिला पैकीच्या पैकी. वहीत मात्र मी आकडा न घालता नुसते प्रश्न लिहिले: कोणती बाजू वर? पाणी कशानं लावायचं? उलटायची वेळ कशी ओळखायची?

दुसऱ्या दिवशी वही परत आली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती, आणि खाली एक ओळ जास्तीची: ‘पहिल्यांदा करणाऱ्याने हाताने पाणी लावू नये, वाफ लागते, फडक्याचा बोळा घ्यावा.’ ती स्वतः पाणी हातानंच लावते.