केळापुराहून कृषिप्रदर्शनास

केळापूर हे नाव तालुक्याचे. कचेरी, बाजार व मोटारतळ मात्र पांढरकवड्यास. खुद्द केळापूर हे जगदंबेचे गाव, आणि नवरात्र सोडल्यास परस्थ मनुष्य तिकडे फारसा फिरकत नाही. आमचे सहा एकर रान याच शिवारात आहे. ते गणपतराव बटईने करतात. आम्ही त्याचे मालक म्हणवितो, एवढेच.

2024 सालच्या नोव्हेंबरात नागपुरास दाभ्याच्या मैदानावर ‘ॲग्रोव्हिजन’ हे कृषिप्रदर्शन भरले. ते 2009 पासून भरत आले आहे. आमचे जाणे मात्र प्रथमच. 1959 साली डॉ. पंजाबराव देशमुखांच्या खटपटीने दिल्लीस भरलेले जागतिक कृषिप्रदर्शन आमचे तीर्थरूप पाहून आले होते, आणि त्यातील नवलांच्या गोष्टी घरात कित्येक वर्षे पुरल्या. तेव्हा गणपतराव व त्यांचे कुटुंब सखूबाई यांस बरोबर घेऊन आम्ही पांढरकवड्याहून सकाळची एस.टी. गाठली. दिवस कापूस वेचणीचे. त्या दोघांची एका दिवसाची वेचणी बुडणार, हे आमच्या ध्यानात गाडीत बसल्यावर आले.

2022 सालच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे, आणि 2023 सालच्या मार्चपासून स्त्रियांस निम्मे भाडे. कंडक्टरने आमचे आधारपत्र पाहून शून्य रुपयांचे तिकीट दिले. सखूबाईंचे अर्धे झाले. गणपतरावांनी पूर्ण पैसे मोजले आणि हसत म्हणाले, “काकाजी, ज्याचं वावर त्याले फुकट, अन् जो वाहते त्याले पूर्न तिकीट!” आम्हीही हसलो, परंतु ते हसणे करंजीपर्यंतही टिकले नाही.

हा रस्ता श्रीनगराहून कन्याकुमारीस जाणारा 44 क्रमांकाचा महामार्ग. जुन्या माणसांच्या तोंडी अजून सात नंबरच आहे. वडकी मागे पडल्यावर वर्धा नदी लागते. एके काळी येथे वऱ्हाड संपून मध्यप्रांत सुरू होई. पुढे हिंगणघाट, जांब, बुटीबोरी. दुतर्फा पांढरी शेते, आणि त्यांत वाकलेल्या बायका. सखूबाई सारा वेळ त्यांच्याकडेच पाहत होत्या.

प्रदर्शनातील ट्रॅक्टर, ठिबकाच्या नळ्या, बियाण्यांचे मंडप यांचे वर्णन करीत नाही. वाचकांनी ते अन्यत्र पाहिलेच असेल. गणपतराव थबकले ते फवारणीच्या ड्रोनपाशी. यास कारण होते. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्या साली पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती; वर धरलेल्या नळीतून उडालेले औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर येई. गणपतराव नऊ दिवस यवतमाळास रुग्णालयात पडून होते. डोळ्यांपुढची धुरकट कित्येक दिवस गेली नाही. फवारणी आमच्या रानात झाली होती. दुकानातून औषध आम्हीच आणून दिले होते. हातमोजे आणण्याचे आम्हांस सुचले नव्हते. या गोष्टीची वाच्यता आमच्यात कधी झाली नाही, त्यांच्याकडूनही नाही.

विक्रेत्याने पुष्कळ सांगितले: माणसास पिकात शिरावयास नको, एकरास काही मिनिटे पुरतात. गणपतरावांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न केला, “अन् टाकी कोन भरते?”

“ती माणूसच भरणार,” विक्रेता म्हणाला.

गणपतरावांनी मान हलविली. औषध कालविताना ते अंगावर सांडते, हे त्यांस विक्रेत्याहून अधिक ठाऊक.

ड्रोन आमच्या आवाक्याबाहेरचा. शेजारच्या मंडपातून आम्ही जाड रबरी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी आणि लांब बाह्यांचा फवारणीचा अंगरखा विकत घेतला. तो किंचित ढगळ होता. सखूबाईंनी तो तेथेच त्यांच्या अंगास लावून पाहिला व म्हणाल्या, “बाह्या मी आखूड करतो. पन हे सात सालांपयले पायजे होतं.” हे त्या कोणाकडे पाहून बोलल्या नाहीत.

परतीस गाडीत गर्दी होती. वर्धा नदी ओलांडली तेव्हा अंधार पडला होता. कंडक्टर आला, तेव्हा दीड तिकिटाचे पैसे आम्ही पुढे केले. गणपतराव खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी हरकत घेतली नाही.