सुई सॉल्सबरीची, बुश अंबरनाथचे

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्स बघते. पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट, सील यांची नावं तोंडपाठ आहेत, पण गाडीचं बॉनेट मी आजवर फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय. त्यामुळे बदलापूरच्या मामांनी घरी बोलावून दोन जुने कार्ब्युरेटर माझ्यापुढे ठेवले, तेव्हा ते गाडीत बसतात कुठे, इथपासूनच विचारावं लागलं. मामा अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. हात अजून पक्का, पण मायक्रोमीटरवरच्या रेघा आता नीट दिसत नाहीत. "वाचायचं तू, कापायचं मी," असं ठरलं.

गाडी मुंबईतल्या एका हौशी मालकांची, १९५१ची एमजी टीडी. दोन माणसांची, उघड्या टपाची, १२५० सीसीची. ती तिकडे गॅरेजात उभी आणि आमच्याकडे आलं तिच्या पोटात पेट्रोल पोचवणारं सामान तेवढं. दोन एसयू कार्ब्युरेटर आणि एक विजेवर चालणारा पंप.

पहिला गोंधळ तेलाचा. कार्ब्युरेटरच्या डोक्यावर पितळी टोपी होती. ती फिरवून काढली की खाली एक बारीक दांडा लोंबतो आणि मामा म्हणाले, यात इंजिन ऑइल घालायचं. पेट्रोलच्या यंत्रात तेल? मग त्यांनी पिस्टन बोटाने उचलून दाखवला. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने पिस्टन वर जातो. पिस्टनच्या पोटाला एक निमुळती सुई घट्ट बसवलेली असते. सुई वर सरकली की तिच्या आणि खालच्या जेटच्या मधली फट वाढते आणि हवेच्या मानाने पेट्रोल येतं. एकदम पाय दाबला तर पिस्टन उडी मारून वर जाईल, हवा भसकन जास्त येईल, इंजिन गुदमरेल. तेल त्याला जरा दमाने वर जाऊ देतं. एवढंच. पिस्टन, तेल आणि एक सुई! आमच्या प्लांटमध्ये दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळायला कपाटाएवढं पॅनेल लागतं.

ही युक्ती स्किनर नावाच्या इंग्रज भावांची, १९०५च्या सुमाराची. घरचा धंदा पादत्राणांचा, त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हे मला फार पटलं. १९२६ साली मोटारी बनवणाऱ्या मॉरिसने त्यांची एसयू कंपनी घेतली आणि एमजी म्हणजे मुळात मॉरिस गॅरेजेसच. म्हणून या गाड्यांवर एसयूच दिसतात.

पुढचं काम सामान शोधायचं. उल्हासनगरात काही मिळत नाही असं होत नाही, या श्रद्धेने मी तिकडे गेले. कॅम्पातल्या एका जुन्या स्पेअरवाल्या काकांनी माझ्या हातातला फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवायची वाटी, बघून न विचारताच सांगितलं, "अंबॅसेडर का एसयू है, बेटा." जुनी अंबॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे एमजीए या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं सख्खं भावंड. तेव्हा काकांचा अंदाज चुकीचा म्हणवत नाही. पण अंबॅसेडरचा एसयू पुढच्या पिढीचा. त्यात फ्लोट चेंबरमधून जेटकडे नायलॉनची नळी जाते. टीडीच्या जुन्या एच प्रकारात अशी नळी नाही. जेट कॉर्कच्या बारीक चकत्यांमधून खालीवर सरकतो. बाटलीच्या बुचाचा तोच कॉर्क.

आणि तोच कॉर्क वाळून आक्रसला होता, म्हणून पेट्रोल ठिबकत होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं, जस्ताच्या मिश्रधातूला खातं. सत्तर वर्षांपूर्वी हे भाग घडवणाऱ्यांनी असलं पेट्रोल गृहीत धरलेलं नव्हतं. इथे मात्र मला पहिल्यांदा काहीतरी कळत होतं! सॉल्व्हंटच्या पंपाला आम्ही वायटनच्या ओ-रिंग वापरतो. इथेनॉलचं त्यांना फारसं काही वाटत नाही. मामांनी खाचेचं माप सांगितलं, मी ओळखीच्या सीलवाल्याकडून त्या मापाच्या आणल्या. कॉर्कवाले शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू देत, गाडीला आग लागण्यापेक्षा ते बरं.

पंपाची तपासणी गॅलरीत केली, रॉकेल घेऊन. पेट्रोल घरात आणायला मामींची सक्त मनाई, आणि ती रास्तच. बॅटरी जोडली की पंप टिकटिक करतो: विद्युतचुंबक पडदा ओढतो, संपर्क तुटतो, स्प्रिंग पडदा परत ढकलते. बाहेरच्या तोंडावर बोट दाबलं की तो गप्प. गाडीतही तसंच, फ्लोट चेंबर भरला की टिकटिक थांबते. थांबली नाही तर टाकी रिकामी, कुठेतरी हवा शिरतेय किंवा फ्लोटची झडप बसत नाही. या गाडीत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, हे ऐकून मी मामांना दोनदा विचारलं.

थ्रॉटलचा स्पिंडल ज्या भोकांतून जातो ती झिजून लंबगोल झाली होती. तिथून फुकटची हवा आत जाते आणि गाडी आयडलिंगला धड उभी राहत नाही. हे खरं अंबरनाथचं काम. एका ओळखीच्या शेडमधलं लेथ मामांना मिळालं. भोकं रीमरने गोल करून त्यांनी पितळी बुश ठोकले, मी मायक्रोमीटर वाचत उभी. इंचातलं माप मिलिमीटरमध्ये करताना माझा कॅल्क्युलेटर तापला. मामा मात्र पंचवीस पॉइंट चारने तोंडी गुणत होते.

शेडमधल्या पोराने सहज विचारलं, सुईही करून टाकू का? मलाही तेच वाटत होतं, पितळेची काडी तर आहे. मामांनी मला सुईचा तक्ता वाचायला लावला. टीडीच्या सुईवर ईएस ही अक्षरं कोरलेली असतात. दर एकअष्टमांश इंचावर तिची जाडी किती, हे इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत लिहिलेलं. जेटचं भोक ०.०९० इंच, सुईचा पहिला आकडा ०.०८९. म्हणजे बुडाशी चहूबाजूंनी अर्धा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तेरा मायक्रॉनच्या आत फट. काडी वळवता येईल हो, पण इतक्या ठिकाणी इतकं अचूक आणि मधला उतार सलग, हे साध्या लेथवर आणि पॉलिश पेपरवर भागत नाही. इंग्लंडात सॉल्सबरीला बर्लेन नावाची कंपनी अजून एसयूचे भाग बनवते. सुया आणि जेट तिकडूनच आले. कस्टमचा कागद वाचणं हे तक्ता वाचण्यापेक्षा अवघड निघालं.

बसवायला मुंबईला गेलो. गाडी पहिल्यांदा पाहिली, आणि इंजिनावरच्या नटबोल्टांनी पुन्हा चक्रावले. आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या इंग्रजी मापाच्या पान्याची. मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीत हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, मेट्रिक यंत्रं तिथली आणि पाने इंग्रज मेकॅनिकच्या खिशातले, म्हणून ही खिचडी. मग जेट मध्यावर आणणं: नट सैल, पिस्टन उचलून सोडायचा, टक्क असा आवाज आला तरच सुई कुठे घासत नाही. शेवटी रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत मामा स्क्रू पाव-पाव फिरवत होते. मला दोन्ही आवाज आधीपासूनच सारखे वाटत होते.

मालक खूश. त्यांच्या मित्राकडे जॅग्वार एक्सके १२० आहे, तिच्याही सुया झिजल्यात, इथेच करून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मामांनी सॉल्सबरीचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "स्पिंडलची भोकं झिजली असतील तर घेऊन या."